परदेशातील घर : मराठी विद्यार्थ्यांच्या चरित्रांतील व आत्मपर लेखनातील गृहसौख्याचा विचार

प्रास्ताविक

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याच्या जीवनाकडे मराठी चरित्रलेखनाने आणि समीक्षेने प्रामुख्याने दोन दृष्टींनी पाहिले आहे. पहिली दृष्टी त्यागाची आहे. थंडी, उपासमार, एकटेपणा सोसून विद्यार्थ्याने विद्या मिळविली, म्हणून तो वंदनीय ठरतो. दुसरी दृष्टी निष्ठेची आहे. परक्या देशात राहूनही त्याने आपला आहार, पोशाख आणि धर्म सोडला नाही, म्हणून तो आपला ठरतो. या दोन्ही दृष्टींतून एक साधा प्रश्न निसटतो. त्या विद्यार्थ्याला तेथे घरासारखे वाटावे यासाठी कोणी काय केले, त्याने स्वतः काय मागितले आणि मागितलेले त्याला मिळाले काय?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे तीन परिचित जीवनांचे पुनर्वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. डॉ. आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेविषयीचे लेखन त्यासाठी विचारात घेतले आहे. 'गृहसौख्य' हा शब्द येथे मर्यादित अर्थाने वापरला आहे. पोटाला मानवणारे अन्न, सवयीचा पोशाख, ऊब असलेली खोली, आपुलकीने हाक मारणारे माणूस आणि आजारपणात होणारी विचारपूस, एवढ्याच गोष्टी त्यात अभिप्रेत आहेत.

लेखाचे प्रतिपादन असे की गृहसौख्य ही विद्यार्थ्याने सामानाबरोबर नेण्याची वस्तू नसून यजमान आणि विद्यार्थी यांच्यातील संबंध आहे. ते मागता येणे हा त्या संबंधाचा गाभा आहे. जेथे मागणीकडे निष्ठेची खूण किंवा जातीचा अहंकार म्हणून पाहिले जाते, तेथे मागणेच अशक्य होते आणि त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते.

आनंदीबाई : मावशीचे घर आणि महाविद्यालयाची खोली

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि जून महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीशी त्यांचा आधीपासून पत्रव्यवहार होता. गोपाळराव जोशी यांचे एक पत्र अमेरिकेतील मिशनरी नियतकालिकात छापले गेले होते. ते वाचून कार्पेंटरबाईंनी स्वतःहून या दांपत्याला लिहिले. पत्रांतून नाते जुळले आणि कार्पेंटरबाई आनंदीबाईंच्या मावशी झाल्या.

हा 'मावशी' शब्द समीक्षकाने सहज सोडून देण्याजोगा नाही. मराठी कुटुंबात मावशी ही आईच्या खालोखालची व्यक्ती आहे. तिच्याकडे रुसता येते, मागता येते आणि दुखले-खुपले सांगता येते. यजमानीण मावशी झाल्यामुळे आनंदीबाईंना मागण्याची मुभा मिळाली. रोझेलच्या घरात त्यांनी आपला शाकाहार सांभाळला. चरित्रकारांनी नोंदविल्याप्रमाणे त्यांनी यजमानांना आणि त्यांच्या स्नेह्यांना आपल्या हातचे हिंदुस्थानी जेवणही वाढले. या प्रसंगाकडे बहुधा कौतुकाने पाहिले जाते, परंतु त्याचा अर्थ अधिक खोल आहे. पाहुणी म्हणून आलेली मुलगी त्या दिवशी यजमानीण झाली. ज्या घरात आपल्याला वाढता येते, ते घर काही अंशी आपले होते.

फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर परिस्थिती बदलली. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडले यांनी त्यांच्याविषयी आस्था दाखविली, हे खरे आहे. तथापि खोलीतील सदोष शेगडी, धूर आणि गारठा यांचा त्यांना फार त्रास झाला. नऊवारी नेसण्याच्या पद्धतीने पाय उघडे राहत असल्याने त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. शाकाहारी पदार्थ पुरेसे मिळत नव्हते आणि स्वतः रांधून खाण्यास अभ्यासातून वेळ उरत नव्हता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

क्षयाचे कारण शेगडीत किंवा आहारात शोधणे हे वैद्यकीयदृष्ट्या धाडसाचे ठरेल. परंतु आजारी विद्यार्थिनीला ऊब आणि पोषण मागणे का जड गेले, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर अमेरिकेत नसून येथे आहे. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे केलेल्या जाहीर भाषणात आनंदीबाईंनी, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे आश्वासन दिले होते. त्या काळच्या समाजाला हे आश्वासन हवे होते. पुण्यात १८९० मध्ये मिशनच्या घरी घेतलेल्या चहावरून केवढा गदारोळ झाला आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण कसे गेले, हे सर्वश्रुत आहे. अशा वातावरणात ताटातील प्रत्येक पदार्थ आणि अंगावरील प्रत्येक वस्त्र हा निष्ठेचा पुरावा ठरतो. गोपाळरावांच्या पत्रांतूनही पोशाखाविषयी आणि आचाराविषयी जाब विचारला जात होता. एका बाजूला परका गारठा आणि दुसऱ्या बाजूला घरचा पहारा, अशा कोंडीत ही मुलगी अभ्यास करीत होती. घर तिच्याबरोबर परदेशी गेले होते खरे, पण ते आधार म्हणून कमी आणि परीक्षक म्हणून अधिक गेले होते.

मराठीतील आनंदीबाईविषयक लेखनात हा पैलू कसा आला आहे? काशीबाई कानिटकर यांच्या चरित्राचे मोठे मोल असे की एका समकालीन स्त्रीने ते पत्रांच्या आधारे लिहिले आहे. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने ही कथा घराघरांत पोहोचविली. तथापि तिचे केंद्र पतिपत्नींच्या विलक्षण नात्यात असल्याने अमेरिकेतील दिवस मुख्यतः त्या नात्याची कसोटी म्हणून येतात. अंजली कीर्तने यांच्या 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' (१९९७) या ग्रंथाने अमेरिकेतील साधनांचा शोध घेऊन त्या दिवसांना स्वतंत्र अस्तित्व दिले. प्रस्तुत लेखकाच्या मते पुढील अभ्यासाची दिशा येथेच आहे. आनंदीबाईंनी काय सोसले याबरोबरच त्यांना कोठे बरे वाटले, याचीही नोंद झाली पाहिजे. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. मावशीच्या घराचा हक्क मृत्यूनंतरही मानला गेला, हे या चरित्रातील एक महत्त्वाचे सत्य आहे.

रमाबाई : अंड्याचा प्रश्न

आनंदीबाई निघाल्या त्याच वर्षी पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या शिकल्या आणि शिकवूही लागल्या. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे आनंदीबाईंपेक्षा वेगळी परिस्थिती उद्भवली. धर्म बदलला, पण आहार बदलला नाही. रमाबाईंनी मांसाहार नाकारला आणि ज्या गोड पदार्थात अंडे आहे तोही नाकारला.

त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना हे खटकले. नव्या ख्रिस्ती स्त्रीने जुन्या जातीचा अहंकार सोडला नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. रमाबाईंची भूमिका वेगळी होती. धर्ममताला बाध न आणणाऱ्या आपल्या देशाच्या रीती सोडण्याचे कारण त्यांना दिसत नव्हते. सक्तीने दुसऱ्याची रीत लादून घेणे त्यांना मान्य नव्हते. हा पत्रव्यवहार पुढे अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. स्त्रीवादी आणि धर्मविषयक अभ्यासात त्याची चर्चा स्वायत्ततेच्या अंगाने झाली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्याला एक साधी घरगुती बाजूही आहे. वीस-पंचवीस वर्षे जे अन्न खाल्ले नाही ते जिभेला आणि पोटाला रुचत नाही. आश्रयदात्याने त्यात पाखंड किंवा अहंकार शोधला, की जेवणाचे ताट हे वादाचे व्यासपीठ बनते.

येथे आनंदीबाई आणि रमाबाई यांच्या स्थितीतील साम्य लक्षात येते. एकीच्या ताटावर मायदेशाचा पहारा होता, तर दुसरीच्या ताटावर आश्रयदात्यांचा. दोघींच्याही बाबतीत अन्न हे अन्न राहिले नाही. रमाबाईंबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे त्याच वर्षी आत्महत्या केली. या घटनेचा उल्लेख मराठी चरित्रांत ओझरता येतो. परदेशी राहणाऱ्या विद्यार्थ्याचे एकटेपण हा भावुक विषय नसून जीवनमरणाचा विषय होऊ शकतो, याची ती गंभीर साक्ष आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. घरच्या सवयी जपण्यावर एवढा भर दिला तर परदेशी जाण्याचा हेतूच विफल होणार नाही काय? स्वतःच्या ताटात गुरफटलेला विद्यार्थी नवा समाज कसा पाहील? या आक्षेपाला रमाबाईंचे लेखनच उत्तर देते. फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला उपस्थित राहिल्या. त्या देशात जे पाहिले त्यातून त्यांचा 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ १८८९ मध्ये सिद्ध झाला. राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था आणि घरगुती जीवन यांचे इतके चौकस निरीक्षण त्या काळच्या मराठी प्रवासलेखनात विरळ आहे. ज्या स्त्रीने अंडे नाकारले तिनेच एवढा मोठा समाज डोळसपणे पाहिला. ताटातील परिचितपणाने दृष्टी आकुंचित होत नाही. उलट रोजच्या जगण्यातील थोडी निश्चिंती ही नवे पाहण्याची पूर्वअट असते.

आंबेडकर : ज्याला घरीच घर नव्हते

आतापर्यंतच्या विवेचनात एक गृहीत आहे. मायदेशी घर होते आणि परदेशी ते नव्हते, असे आपण मानून चाललो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण हे गृहीतच तपासायला लावते.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पहिल्या वसतिगृहातील जेवण त्यांना मानवले नाही. ते थोड्याच दिवसांत बाहेर पडले, काही काळ हिंदी विद्यार्थ्यांबरोबर राहिले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी राहत असताना घरमालकिणीकडून मिळणारे जेवण अपुरे असे. धनंजय कीर यांनी चरित्रात सांगितले आहे की एका परिचिताने दिलेले पापड त्यांच्याजवळ होते. रात्री उशिरा भूक असह्य झाली की त्यांतले चार पापड भाजून ते दुधाबरोबर खात आणि पुन्हा वाचायला बसत.

हा प्रसंग मराठी वाचकांना ठाऊक आहे आणि त्यागाची कथा म्हणून तो वारंवार सांगितला जातो. त्याचे दुसरे वाचनही शक्य आहे. चार पापड ही त्या खोलीतील एकमेव घरची गोष्ट होती आणि ती दुसऱ्या एका माणसाच्या आठवणीने तेथे आली होती. कोणीतरी विचार करून ते बांधून दिले होते. त्या प्रसंगात विद्यार्थ्याच्या तपश्चर्येबरोबर त्या अनाम आपुलकीलाही जागा द्यायला हवी. १९२१-२२ मध्ये ते जेथे राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आज तेथे स्मारक आहे. ज्या वास्तूत पोटभर जेवण मिळत नव्हते ती वास्तू आज समाजाच्या अभिमानाचे घर झाली आहे.

परंतु खरी कलाटणी परतल्यानंतरची आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आत्मपर लेखन १९३५-३६ च्या सुमाराचे मानले जाते. त्यात त्यांनी बडोद्यातील अनुभव सांगितला आहे. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये ते बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. अमेरिका आणि युरोपातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवही त्यांच्या मनातून पुसली गेली होती. स्टेशनवर उतरताच ती परत आली, कारण राहायचे कोठे हा प्रश्न उभा राहिला. पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण पुढे केली. उच्चविद्याविभूषित तरुण सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

गृहसौख्याच्या विचारात या प्रसंगाचे स्थान मध्यवर्ती आहे. ज्याला न्यूयॉर्कच्या वसतिगृहात पारशी सोबती मिळाला, त्यालाच बडोद्याच्या पारशी विश्रामगृहातून हाकलले गेले. मनुष्य तोच होता, यजमान समाजाची रीत बदलली होती. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, 'परदेश' हे नकाशावरील अंतर नाही. जेथे राहायला जागा मागण्याची सोय नाही तो परदेश होय, मग तो रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर का असेना. दोन, परदेशी विद्यार्थ्याच्या आठवणींतील घरचा गोडवा हा सर्वांचा समान वारसा नाही. मराठी प्रवासलेखनातील घराची ओढ वाचताना ते घर कोणाचे आणि त्याचा दरवाजा कोणासाठी उघडा होता, हे विचारल्याशिवाय समीक्षा पूर्ण होत नाही.

वार, माधुकरी आणि वसतिगृह

या दृष्टीने महाराष्ट्राच्या स्वतःच्या परंपरेकडे वळणे उपयुक्त ठरेल. घर सोडून शिकायला गेलेल्या मुलाच्या जेवणाचा प्रश्न आपल्या समाजाने पूर्वीच एका रीतीने सोडविला होता. ती रीत म्हणजे वार लावून जेवणे. आठवड्यातील सात दिवस सात घरी जेवायचे आणि शिकायचे. माधुकरी हा त्याचाच आणखी एक प्रकार. दिघीजवळच्या आळंदीत विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथील विद्यार्थ्यांच्या जीवनात माधुकरीला महत्त्वाचे स्थान राहिले. धर्मानंद कोसंबी यांच्या 'निवेदन' या आत्मकथनातही काशीच्या अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकल्याचा वृत्तान्त आहे.

वाराची रीत उदार होती, पण तिला दोन मर्यादा होत्या. ती बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरती होती, आणि तिच्यात मागणाऱ्याची मान खाली असे. समोर येईल ते खायचे आणि उपकार मानायचे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून विविध जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, तेव्हा पहिली मर्यादा ओलांडली गेली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले. तेथे मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवीत. तेथे दुसरी मर्यादाही ओलांडली गेली. जो स्वतः रांधतो आणि वाढतो तो याचक राहत नाही. रोझेलच्या घरात आनंदीबाईंनी जे एकटीने केले, ते साताऱ्यात व्यवस्था म्हणून घडले.

या इतिहासात एक बाजू सामान्यतः झाकलेली राहते. गृहसौख्य आपोआप निर्माण होत नाही, ते कोणाचे तरी श्रम असतात आणि बहुधा ते स्त्रीचे असतात. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले मंगळसूत्रही विकले. कार्पेंटरबाईंनी आपले घर उघडले. वार लावून जेवणाऱ्या मुलाला वाढणाऱ्या सात घरांतील सात गृहिणींची नावे बहुधा कोठेच नोंदली गेली नाहीत. आत्मचरित्रांतील कृतज्ञतेच्या एका ओळीत त्यांचे वर्षानुवर्षांचे श्रम सामावले जातात. समीक्षेने ही ओळ थांबून वाचली पाहिजे.

दिघी : आता आपण यजमान

हा विषय दिघीसारख्या ठिकाणी विशेष प्रस्तुत आहे. परदेशाशी संपर्क ही या परिसराला नवी गोष्ट नाही. १९२७ मध्ये खडकी आणि दौंड येथील बिनतारी केंद्रांद्वारे इंग्लंडशी थेट तारव्यवहार सुरू झाला, १९३३ मध्ये रेडिओ-टेलिफोन आला, आणि १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह भूकेंद्र कार्यान्वित झाले. या सेवेचा वारसा चालविणाऱ्या विदेश संचार निगमाची विस्तीर्ण जमीन दिघीच्या हद्दीत होती. आनंदीबाईंच्या पत्राला घरी पोहोचायला आठवडेच्या आठवडे लागत. आज मुलगी परदेशातील स्वयंपाकघरात उभी राहून आईला फोडणी दाखवू शकते. तथापि हा संपर्क मागे राहिलेल्या घराशी असतो. तो समोरच्या समाजात घर निर्माण करीत नाही. खोली गार असेल तर दूरचा आवाज ती उबदार करू शकत नाही, आणि पहारा ठेवणारे घर असेल तर तो पहारा आता रोजचा होतो.

दुसरे असे की या परिसरातील महाविद्यालये विद्यार्थी केवळ पाठवीत नाहीत, स्वीकारतातही. १९९७ मध्ये दिघी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाली. त्याआधी १९९४ मध्ये लष्करातील कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी येथे आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी स्थापन झाली होती आणि देशाच्या सर्व भागांतील मुले येथे येऊ लागली होती. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांमुळे मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची माणसे येथे खोली घेऊन राहतात आणि मेसचा डबा खातात. पुण्यात आशिया आणि आफ्रिकेतील विद्यार्थी दीर्घकाळ शिकत आले आहेत. या सर्वांच्या दृष्टीने आपणच वाँटेज आहोत, आपणच रोझेल आहोत आणि, विसरता कामा नये, आपणच बडोदेही आहोत.

पुण्याच्या शैक्षणिक इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी एक मुलगी एका मुलाच्या खोलीच्या खिडकीतून काही आत देताना पाहिली. प्रथम शिस्तीचा प्रश्न मनात येणे स्वाभाविक होते. चौकशीअंती कळले की तो मुलगा मॉरिशसचा होता, त्याला कावीळ झाली होती आणि ती मुलगी त्याला जेवण आणून देत होती. परदेशी विद्यार्थ्यांच्या एकटेपणाच्या या जाणिवेतून १९७१ मध्ये 'सिंबायोसिस' ही संस्था परदेशी आणि भारतीय विद्यार्थ्यांना जोडणारे सांस्कृतिक केंद्र म्हणून सुरू झाली, असे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे.

या प्रसंगातील खिडकी अर्थपूर्ण आहे. आजारी मुलाला पथ्याचे जेवण मिळण्याचा रीतसर दरवाजा नव्हता, म्हणून ते खिडकीतून द्यावे लागले. नियमाने जे गैरवर्तन दिसले असते ते वस्तुतः शुश्रूषा होती. रेक्टरांनी शिक्षा करण्याऐवजी चौकशी केली, म्हणून तो प्रसंग संस्थेच्या स्थापनेचे कारण ठरला. शिक्षकाच्या एका प्रश्नाने केवढा फरक पडतो, हे यावरून दिसते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. परदेशी विद्यार्थ्याच्या आहार-पोशाखाविषयीचे उल्लेख केवळ निष्ठेची किंवा त्यागाची प्रमाणे म्हणून वाचणे अपुरे आहे. ते शरीराच्या आणि मनाच्या साध्या गरजांचे उल्लेख आहेत. आनंदीबाईंवर मायदेशाने आणि रमाबाईंवर आश्रयदात्यांनी या गरजांचा नैतिक भार टाकला, आणि त्यामुळे त्या मागणे कठीण झाले.

२. घरासारखे वाटणे हे मुख्यतः यजमानाच्या वागण्यावर अवलंबून असते. न्यूयॉर्क आणि बडोदे यांतील फरक आंबेडकरांच्या लेखनातून ज्या प्रकारे प्रकट होतो, त्याने 'स्वदेश' आणि 'परदेश' या कल्पनांचीच फेरतपासणी करावी लागते.

३. महाराष्ट्राच्या परंपरेत कृपेवर आधारलेला वार आणि हक्कावर आधारलेले वसतिगृह, असे दोन मार्ग दिसतात. दुसऱ्या मार्गात विद्यार्थी खाणाराही असतो आणि वाढणाराही. आजच्या विद्यार्थी-विनिमयाच्या व्यवस्थेने हाच मार्ग अनुसरणे इष्ट आहे.

४. गृहसौख्यामागील श्रमांची, विशेषतः स्त्रियांच्या श्रमांची नोंद चरित्रलेखनात आणि समीक्षेत व्हायला हवी.

विद्यार्थी-विनिमयाचा करार करताना श्रेयांक, शुल्क आणि कालावधी यांचा तपशील महाविद्यालये काटेकोरपणे ठरवितात. त्याच कागदावर आणखी काही प्रश्नांची उत्तरे लिहिली गेली पाहिजेत. येणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतः रांधता येईल अशी जागा आहे काय? त्याच्या नावावरून, वर्णावरून किंवा आहारावरून भाड्याची खोली नाकारली गेली तर तो कोणाकडे जाईल? तो आजारी पडला तर त्याचे पथ्य कोण पाहील? पाठविलेल्या आपल्या विद्यार्थिनीला अडचण सांगताना घरच्या किंवा महाविद्यालयाच्या रोषाची भीती तर वाटणार नाही ना? आनंदीबाईंना जाऊन एकशे चाळीस वर्षे झाली. त्यांच्या पदवीचा अभिमान आपण बाळगतो, तसेच त्यांच्या खोलीतील धुराचेही स्मरण ठेवणे हे शिक्षक म्हणून आपले कर्तव्य आहे.